मामांचा गॉगल आणि दीडशे मेंढरं

उन्हाला घाबरणाऱ्या माणसाला आमच्या बायकोच्या मामांनी आजवर माणसात धरलेलं नाही. छत्री म्हाताऱ्यांनी घ्यावी आणि गॉगल नवरदेवानं, तोही फोटोपुरता, असं त्यांचं मत. स्वतःचं वय सत्तरीपुढचं आहे, हे त्यांच्या गावीही नाही. देवगाव रंगारीच्या माळावर त्यांनी जन्मभर मेंढरं राखली. आता शहरात, पुंडलिकनगरात मुलाकडे राहतात. म्हणजे राहतं ते शरीर, जीव गावी धाकट्या भावाच्या कळपात असतो. दर आठवड्याला एसटीनं गावी जातात, आधी मेंढरांना भेटतात, मग सवड झाली तर भावाला. दीडशे मेंढरं नावानिशी ओळखतात. मला सगळी सारखीच दिसतात, असं मी एकदा बोलून गेलो. मामा शांतपणे म्हणाले, "तुमच्या हापिसातली माणसं मला तशीच दिसत्यात. मी बोललो का कधी?"

अशा माणसाच्या उजव्या डोळ्यात मांस वाढलं. डॉक्टरांनी सांगितलं, उन्हानं झालंय, डोळे जपा. मुलानं फर्मान काढलं, "गॉगल नाही तर गाव नाही." मामा दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. जेवले मात्र व्यवस्थित. अन्नावर राग काढणं त्यांना पटत नाही. तिसऱ्या दिवशी त्यांना दुकानात न्यायचं काम अर्थातच जावयाच्या गळ्यात पडलं.

मामांनी तव्याच्या बुडासारखा काळाकुट्ट गॉगल उचलला. दुकानदार म्हणाला, "चच्चा, रंग पे नक्को जाओ. रंग अलग, बचाव अलग." नुसत्या काळ्या काचेमागं डोळ्याची बाहुली फसते, मोठी होते आणि उन्हातले नको ते किरण जास्तच आत घेते, हे त्यानं नीट समजावलं. मामांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "ह्यातून मेंढरं वळखू येतील का?" या प्रश्नाला दुकानात उत्तर नव्हतं. शेवटी दुकानदारानं, माझ्या ओळखीवर, किरण अडवणारे तीन गॉगल पारखायला दिले आणि आम्ही थेट माळावर गेलो.

गडद काचेतून सगळा कळप एकाच रंगाचा झाला. तपकिरीतून पांढरी मेंढरं तांबूस दिसली, मामा म्हणाले, "ही आपली न्हाईत, दुसऱ्याची हाणून आणल्यावानी वाटतंय." करड्या काचेतून मात्र एकूण एक ओळखू आलं. मी मनातल्या मनात सुटकेचा निःश्वास टाकला. पण मामा दोन पावलं पुढं गेले आणि कळप उधळला. मामांनी मेंढरांना ओळखलं होतं, मेंढरांनी मामांना नाही. धाकटा भाऊ कळपामागं अर्धा तास पळत होता. मामांनी गॉगल काढून माझ्या हातात ठेवला. "डोळं दिसल्याबिगर ती जवळ येत नाय. ऱ्हाऊ द्या पावणं. मी येत नाय आता गावाला." एवढं बोलून ते बांधावर बसले. त्यांना असं बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं, आणि खरं सांगतो, मला ते बघवेना.

परतल्यावर मी सगळी हकिगत दुकानदाराला सांगितली. तो आधी पोट धरून हसला, मग म्हणाला, "पहले बोलना था ना." किरण अडवायला काच काळी लागतच नाही, पांढऱ्या, पारदर्शक काचेतही तो बचाव मिळतो. माळावरच्या लखलखाटाला रुंद काठाची टोपी घाला म्हणाला. मामांनी पांढऱ्या काचेचा चष्मा तर घेतलाच, वर टोपीसुद्धा घेतली, यावरून काय ते समजा.

पुढच्या खेपेला मेंढरं थबकली, मामांच्या तोंडाकडं पाहिलं आणि निवांत चरत जवळ आली. मामा एकेकीचं नाव घेत राहिले. मग चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं कितीतरी वेळ पुसत बसले.

"माझ्या आईचं डोळं ह्याच माळावर गेलं," ते म्हणाले. "शेवटी मेंढरं कान चाचपून वळखायची. आमी म्हणायचो, म्हातारी लई हुशार. पांढरी काच असती, हे कुणाला ठावं व्हतं?"

मामांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि ते कळपात गेले.