पावडरच्या डब्यातली माती

"आता पोरींना घुमटात कोण नेणार?" ओट्यावरच्या बायकांपैकी कोणीतरी हळू आवाजात विचारलं. आत्याला जाऊन काही आठवडे झाले होते. सरावलीच्या घरात मी आत चहा गाळत होते.

आत्या कबड्डी शिकवायची. कासा, तलासरीकडच्या पाड्यांवरच्या पोरी जीपने यायच्या, घरामागच्या मैदानात खेळायच्या. दरवर्षी ती त्यांना शहरातल्या घुमटाच्या स्टेडियममध्ये स्पर्धेला न्यायची. घरचे पोरींना सोडत ते फक्त तिच्या भरवशावर. त्या घुमटाबद्दल ती सासर-माहेरासारखं बोलायची. आधी तिथे उघडं मैदान होतं, पाऊस आला की खेळ बंद. मग वर घुमट चढला, तरी खाली मातीच होती आणि त्या मातीवर ती स्वतः खेळली होती. पुढे लाकडी फरशी आली, मग मॅट. अधूनमधून साड्यांचे सेल, लग्नं, गाण्यांचे कार्यक्रम आणि साथीच्या काळात तर रांगेने खाटा. "सगळ्यांना सावली देतो बिचारा," ती म्हणायची.

पण मैदानात उतरताना कपाळाला लावायची माती मॅटवर कुठून मिळणार? म्हणून ती आमच्या मैदानातली माती पावडरच्या रिकाम्या डब्यात भरून न्यायची. एकदा एका पोरीने भक्तिभावाने मूठभर माती थेट मॅटवरच टाकली. पंच धावत आले. "ओ मॅडम, हे काय शेत आहे?" आत्याने ओढणीने मॅट पुसली. "शेत असतं तर पीक तरी आलं असतं, साहेब!" तेव्हापासून डबा रेषेबाहेर राहायचा आणि पोरी त्यात बोट बुडवून आत जायच्या.

त्या वर्षी मीही बरोबर होते, शाळकरी. सामने संपल्यावर रिकाम्या घुमटात ती मला म्हणाली, "कबड्डी म्हण. हा घुमट आवाज मोठा करून परत देतो." माझ्या तोंडून काही निघेना. "इंग्रजी शाळेत फीबरोबर जीभपण जमा करून घेतात काय गं?" पोरी खो खो हसल्या. मग तिनेच दम धरला आणि म्हणत राहिली. वरून तिचा आवाज किती वेळ उतरत होता… "राहू दे," ती नंतर म्हणाली. "निघेल तेव्हा निघेल."

एका दमात समोरचा संघ हलवून येणारी ही बाई शेवटच्या आजारपणात पाण्याचा पेला उचलतानाही थांबायची. मी उशाशी बसायचे. त्या खोलीत फक्त तिच्या श्वासाचा आवाज यायचा.

त्या दिवशी मी चहा घेऊन बाहेर ओट्यावर आले. पायरीवर पोरी बसल्या होत्या, माना खाली घालून. खिडकीत तो डबा तसाच होता, झाकणावर तिच्या बोटांचे मातकट ठसे. ट्रे ठेवून मी डबा उचलला आणि काहीतरी पुटपुटले.

"काय म्हणालीस गं?" एका काकूंनी विचारलं.

"पोरींना मी नेते."