लाल केसांची बादली

शुक्रवार पेठेत आमच्या समोर राहणाऱ्या बाईंचं नाव मी कधी विचारलं नाही. साठीच्या असाव्यात, पण केस डाळिंबाच्या दाण्यासारखे लाल. चार दिवसांनी नळ आला की अख्खी गल्ली पिण्याचं पाणी भरायला धावते. या बाई मात्र आधी केसांसाठी एक बादली भरून ठेवतात. बोअरच्या खारट पाण्यानं रंग उतरतो, केसांचा झाडू होतो. न्हाऊन झालं की त्या केस खसाखसा पुसत नाहीत; जुन्या सुती साडीत अलगद टिपतात.

एकदा नळावर शेजारीण म्हणाली, "वय लपवायला एवढी खटपट कशाला हो, काकू?"

बाईंनी बादलीवर झाकण ठेवलं आणि मान ताठ केली. "लपवायचं असतं तर काळा लावला असता की! हा लाल लांबनं दिसावा म्हणून लावलाय. लई वर्षं खाली मान घालून काढली."

मी पन्नाशीची, काळा रंग लावलेली, शेजारीच उभी होते.

आता नळ आला की आमच्याही घरात एक बादली आधी भरते. कशासाठी, ते गल्लीच्या टोकावरूनही दिसतं.