बेबाबाई आणि पैलथडीची सिस्टर

बेबाबाई मला भेटण्याआधी त्यांनी फेकलेला इंजेक्शनचा ट्रे भेटला. तो माझ्या टाळूवरून गेला, दाराचा पडदा सोबत घेऊन गेला, आणि अजून पांझरा नदीच्या पलीकडे कुठेतरी उडत असावा. मागोमाग कंपाउंडर लोटन आला. तोही हवेतूनच.

साल १९९६. देवपुरातल्या एका खासगी दवाखान्यात मी केसपेपर लिहायचो. बेबाबाई दोंडाईच्याकडच्या शेतकरीण; वय पन्नास, पंजा फावड्याएवढा, आजार कॅन्सरचा. औषधाने हाताच्या शिरा जळाल्या, म्हणून मुंबईच्या डॉक्टरांनी त्यांच्या छातीच्या कातडीखाली एक छोटी डबी बसवली होती. तिला पोर्ट म्हणत. दर तीन आठवड्यांनी कातडीतून तिच्यात सुई खुपसायची आणि औषध सोडायचे. कॅन्सरला बाई भीत नव्हत्या. सुईला भीत, आणि भ्याल्या की मारत.

दुसऱ्या डोसला लोटनचा दात गेला. तिसऱ्याला सिस्टर लताबाईंनी कातडी बधिर करायला बर्फ लावला. तो परत आला आणि डॉक्टरांच्या चष्म्याची काच घेऊन गेला. नवरा रुपचंदभाऊ धरायला धावले, त्यांचे नाक फुटले. डॉक्टर म्हणाले, "आता हात उचलला तर औषध बंद." पाच डोस उरले होते.

लताबाई तापीकाठच्या. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे नदीच्या दोन थड्यांवर, दोन काठांवर, दोन गावांच्या बायका उभ्या राहतात आणि एकमेकींना पोटभर शिव्या देतात. शिव्या संपेपर्यंत हात उचलायचा नाही; मग दगड. बेबाबाईंच्या दगडांनी वर्षानुवर्षे पैलथडीची डोकी फोडली होती. चौथ्या वेळी लताबाई दारातूनच कडाडल्या, "ओ अक्का! मी पैलथडनी शे! तुन्हं गाव बठ्ठं भिकारडं!"

बेबाबाई ताडकन उठून बसल्या. "तुन्हा मुडदा पडो!"

"मधमा नदी शे! हात नही, फक्त तोंड!"

बाईंनी दोन्ही हातांनी खाट आवळली. शिव्या देत देत लताबाई जवळ आल्या, फडक्यातला बर्फ कातडीवर दाबून ठेवला. बाहेरच्या बाकावरचे दोन पेशंट खून पडला समजून पळाले. बेबाबाईंनी छाती भरून श्वास घेतला, लताबाईंच्या सात पिढ्यांना हात घातला, आणि तो श्वास सुटताना सुई आत गेली.

"टोच ना मंग, मुडदी!"

"टोचाई गयी, अक्का. कव्हयनीच."

"पण मन्ही शिवी अर्धीच ऱ्हायनी!"

"मंग पुरी कर."

पुरी केली. उरलेले चार डोसही असेच झाले. कोणाचे काही फुटले नाही.

आजार गेला, दीड वर्षाने पोर्ट काढला. भूल दिलेली होती. तेवढ्या एकाच वेळी लताबाईंच्या सात पिढ्या वाचल्या.