विमलमावशीचे शनिवारचे वेचे

विमलमावशी गेल्याचा फोन आला तेव्हा मी नागपूरला ऑफिसात होते. धानोऱ्याहून तिच्या शेजारच्या जनाबाई बोलत होत्या. "विमलबाई गेल्या, पोरी. चहा घेतला अन् बसल्या जागीच..." मला रडू यायला हवं होतं. आधी आली ती लाज. दोन वर्षं मी तिच्याकडे फिरकले नव्हते.

मावशी, म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण, जंगलातल्या गावांतल्या शाळांत शिकवत राहिली. काका गेले, ती निवृत्त झाली आणि हातात स्मार्टफोन आला. ब्लॉग नावाचं काही असतं हे तिला कुणी सांगितलं कोण जाणे, पण ती त्यात रमली. दर शनिवारी सकाळी आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तिचे 'वेचे' यायचे. तीन लिंका असत, एक घरसंसाराची, एक श्रद्धेची, एक पुस्तकाची आणि प्रत्येकीखाली तिच्या दोन ओळी. एकदा तिनं लिहिलं होतं, 'या माणसाचं देवाशी भांडण चालू आहे, म्हणजे बोलणंही चालूच आहे.' मी बहुतेक वेळा काही न उघडता अंगठा टाकून मोकळी व्हायचे.

मीसुद्धा ब्लॉग लिहायचे, टोपणनावानं. एका श्रावणात तिच्याकडे गेले असताना ती मला नाल्यापलीकडच्या एका येनाच्या, म्हणजे ऐनाच्या, झाडापाशी घेऊन गेली. मूठभर भात बुंध्याशी ठेवला आणि बराच वेळ हळू आवाजात बोलत बसली. मी लांब उभी राहून पाहत होते. कंटाळले होते... परत आल्यावर मी लेख लिहिला, 'झाडाशी बोलणाऱ्या बाई'. आयुष्यभर विज्ञान शिकवलेली शिक्षिका झाडाला भात भरवते, यावर मी यथेच्छ हसले होते. तिचा पदर, तिचा डबा, तिचं पुटपुटणं, सगळं घातलं. तारीफही झाली.

महिनाभरानं तिच्या वेच्यांत श्रद्धेच्या जागी माझाच लेख होता. खाली तिनं एरवीसारखं प्रमाण भाषेत नाही, घरी बोलायची तसं लिहिलं होतं: 'पोरगी चांगली लिवते. त्या बाईले एक डाव इचारलं असतं तर लेख पुरा झाला असता.'

ग्रुपवर कुणालाच काही कळलं नाही. मी त्याच दिवशी लेख उडवून टाकला, पण तिला फोन केला नाही. उद्या करू, म्हणत राहिले. पुढच्या शनिवारी तिचे वेचे नेहमीसारखेच आले. ती त्याबद्दल पुन्हा एक अक्षर बोलली नाही, आणि मी सुट्ट्या नाहीत, असं सांगत जाणं टाळत राहिले.

तेराव्याला गेले तेव्हा जनाबाईंना विचारलं, ती त्या झाडापाशी का जायची? त्यांनी भांडी घासता घासता सांगितलं. मावशी नाल्यापलीकडच्या शाळेवर असताना तिला अवेळी कळा आल्या. गावातल्या माणसांनी बाजेवर टाकून दवाखान्याकडे नेलं, पण नाल्याला पूर होता. त्या येनाखालीच बाळंत झाली. मुलगी होती, रडलीच नाही. सोबत असलेल्या जनाबाईंच्या सासूनं तिला तिथंच मातीत ठेवलं. आमच्या घरात हे कधी कुणी बोललं नव्हतं.

"मग मला का नाही सांगितलं तिनं?"

जनाबाईंनी हातातलं भांडं खाली ठेवलं. "म्या म्हटलं होतं, सांगून टाका. तर म्हणे, आता सांगितलं तर पोरीले लिवल्याची लाज वाटन. राहू दे."

दुसरा दिवस शनिवारचा. सकाळी ओट्यावर पाच-सहा बाया येऊन बसल्या. मला वाटलं, भेटायला आल्यात. जनाबाईंनी सांगितलं, त्यांतल्या कुणालाच वाचता येत नाही. मावशी आठवडाभर शोधून ठेवलेलं त्यांना इथं बसून वाचून दाखवायची. आमच्या ग्रुपवर यायचं ते त्यानंतर. सवयीनं पाय इकडे वळले होते.

मावशीचा फोन कुणाला उघडता येईना. मग कडेची एक म्हातारी माझ्याकडे वळली.

"तू बी लिवते म्हणे ना? विमलबाई मोठ्या मानानं सांगे आमाले. तुहंच काई वाच मंग."

मी माझा फोन काढला. त्यात या बायांना वाचून दाखवण्यासारखं माझं काहीही नव्हतं... बाया वाट पाहत बसल्या होत्या.