पहिला डबा

पनवेलच्या बाजारात माझं घासलेटचं दुकान होतं. कर्नाळ्यापलीकडच्या रानात, गावापासून लांब राहणारा एक जण दर उन्हाळ्यात लाकडं कापायच्या इंजिनासाठी तेल न्यायचा. डबा उघडून हुंगायचा आणि ताठ मानेने उभा राहायचा.

एका टंचाईत मी त्याला एकच डबा देऊ शकलो.

"एवढ्यात तुमची पावसाळ्याची लाकडं होतील?"

"घरची मी कुराडीनं फोडीन. ह्या तेलावर मसनातले ओंडके कापायचे. पावसात कोन गेला, तर आमचं गाव त्याला वल्या लाकडांवर ठेवत नाय."

पुढे कितीही टंचाई आली, तरी पहिला डबा मी बाजूला काढून ठेवायचो. कोणाचा म्हणून विचारलं, तर माझीही मान ताठ व्हायची.