वहिनीच्या हातचं दूध

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तिला वाटतं, माझ्या गोळ्या ॲसिडिटीच्या आहेत. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही आमच्या तळेगाव ढमढेऱ्याचे नाही, उद्या बाजारात समोर येणार नाही. म्हणजे यातही धाडस काही नाही — तेवढं आधीच समजून घ्या.

विषय पोटाचा आहे. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. रांजणगावात कंपनीत लागलो, शिफ्ट सुरू झाल्या आणि माझं पोट बिनसलं. कंपनीची बस शिक्रापूरच्या चौकात अडकली की कळ यायची, घाम फुटायचा. कधी कोठा साफ व्हायचाच नाही, कधी हातातलं काम टाकून पळावं लागायचं. तुम्ही कधी भरलेल्या बसमध्ये ड्रायव्हरला गाडी थांबवायला सांगितलंय? मागच्या सीटवरचं खिदळणं ऐकलंय? मी ऐकलंय. त्या हसणाऱ्यांचा राग अजून गेलेला नाही.

घरात तेव्हा आई, दादा, मंगलवहिनी आणि मी. माझं लग्न व्हायचं होतं. वहिनी दौंडची, रेल्वेतल्या माणसाची मुलगी, हाताला चव असलेली. मी शिफ्ट करून वाळत चाललोय म्हणून ती मला झोपताना पेलाभर दूध द्यायची, वर साय घालून. मी प्यायचो, आणि उठलो की पोटात मुरडा. आईनं ते बरोबर हेरलं.

आमच्याकडं पोटदुखी लवकर हटली नाही की कुणीतरी कुजबुजतंच — ह्याला खायला घातलंय. म्हणजे करणी. आई मला एका देवऋष्याकडं घेऊन गेली. त्यानं तांदूळ मांडले, डोळे मिटले आणि सांगितलं, घरातलीच बाई आहे, पांढऱ्या वस्तूतून दिलंय. पांढरी वस्तू! मीठ पांढरं नसतं? भात पांढरा नसतो? पण आईला तो पेलाच दिसला.

त्या दिवसापासून वहिनीनं माझ्या ताटाला हात लावायचा नाही, असं ठरलं. दूध आई स्वतः द्यायला लागली; तरी मुरडा थांबेना, तर म्हणाली, आधीचंच भिनलंय अजून. ती रडली, देवाची शपथ घेतली. आईनं ऐकलं नाही. दादा मान खाली घालून बसला. मग गल्लीत कळलं. शेजारणी तिनं दिलेला चहा ओट्यावर तसाच ठेवून उठायला लागल्या.

इथपर्यंत मला काही कळत नव्हतं असं म्हणू. पुढं तसं म्हणता येत नाही.

शिरूरच्या डॉक्टरांनी मला पुण्याला पाठवलं. मी एकटाच गेलो. सगळ्या तपासण्या चांगल्या आल्या. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मला बसवून शांतपणे सांगितलं — याला आयबीएस म्हणतात. आतड्याला जखम नाही, सूज नाही, पण ते हळवं झालंय. आतडं आणि मेंदू सारखे एकमेकांशी बोलत असतात. जागरण, ताण, अवेळी जेवण झालं की त्यांचं बिनसतं. आजार खरा आहे, तुमच्या मनाचा खेळ नाही. जीवघेणाही नाही. कायमचा जाईलच असं सांगत नाही, पण सांभाळता येतो. शिफ्ट कुठलीही असू दे, जेवणाची वेळ पाळा. चहा कमी करा, ह्या गोळ्या आणि इसबगोल घ्या, चाला. आणि काय खाल्ल्यावर त्रास होतो ते बघा. मी म्हणालो, दुधानं होतो. त्या म्हणाल्या, मग दूध बंद करून बघा, बऱ्याच जणांना सोसत नाही.

वहिनीनं दुधात काही घातलं नव्हतं. दूधच सोसत नव्हतं मला.

मग घरी येऊन सांगितलं का? नाही. का नाही? डॉक्टरीणबाईंनी ताण हा शब्द वापरला होता, म्हणून. आमच्याकडं ताणाचा आजार म्हणजे डोक्याचा आजार. मला मुली बघणं चालू होतं. करणी झालेल्या पोराला मुलगी मिळते, लोकांना त्याची दया येते. डोक्याचा पेशंट म्हटल्यावर कोण देणार? मी आईला म्हणालो, कंपनीच्या कामानं पुण्याला गेलो होतो. एवढंच बोललो आणि जेवायला बसलो.

पुढच्याच महिन्यात दादा वहिनीला घेऊन दौंडला राहायला गेला. त्याच सुमारास मी गुपचूप दूध सोडलं, गोळ्या सुरू केल्या, डबा वेळेवर खायला लागलो. आणि मला बरं वाटायला लागलं! बसमधली कळ थांबली, अंगावर मांस आलं. आई भेटेल त्याला सांगत सुटली, “ती गेली आन् माझं पोरगं माणसांत आलं. आनखी काय पुरावा पायजे?”

कळतंय का तुम्हाला? माझं बरं होणं हाच तिच्याविरुद्धचा पुरावा झाला. माझा एकेक चांगला दिवस तिला एकेक पायरी खाली ढकलत होता. आणि मी नेमानं पथ्य पाळत होतो. देवऋष्याला शिव्या घालतो मी मनातल्या मनात, आईवर चिडतो, दादाच्या खाली घातलेल्या मानेचाही संताप येतो. पण ते सगळे खरं मानून चालले होते. खोटं आहे हे फक्त मला माहीत होतं. हरामखोर मी होतो.

माझं लग्न झालं, मुलं झाली. मधे दादानं दौंडला घर बांधलं. वास्तुशांतीला गेलो. आई आली नाही. पंगत बसली. वहिनी भाजीची बादली घेऊन ओळीनं वाढत येत होती. माझ्यापर्यंत आली आणि थांबली. मागं वळून तिनं आपल्या भाचीला हाक मारली, बादली तिच्या हातात दिली.

“भाऊजींना तू वाढ गं,” ती म्हणाली. “माझ्या हातचं बाधतं त्यांना.”

टोमणा असता तर मी सुटलो असतो. टोमणा नव्हता. एखाद्याला साखर चालत नाही हे सांगावं, तसं ती काळजीनं म्हणाली. इतकी वर्षं सगळ्यांनी सांगून सांगून तिला स्वतःलाच ते खरं वाटायला लागलंय.

माझ्या तोंडाशी शब्द आले होते. बाजूला दादा होता, बायको होती, चार पाहुणे होते. मी ताट पुढं केलं. भाचीनं भाजी वाढली. मी पोटभर जेवलो.