समोरच्या घरी नेलेलं पिठलं

प्रिय इरा आणि कबीर,

तुम्ही दुबई सोडलीत त्या दिवशी विमानतळावर कबीर सामानाच्या ट्रॉलीवर चढून बसला होता आणि इरा माझ्यावर चिडली होती. तिच्या बॅगेतले जुने बूट काढून मी तिथे गोडा मसाला भरला होता. "आजी, यू रुइन एव्हरीथिंग!" असं ती सगळ्यांसमोर ओरडली. निखिल, म्हणजे तुमचा बाबा, म्हणाला, "यल्ला, यल्ला, चला लवकर, भांडण अमेरिकेत गेल्यावर करा." तुम्ही आत गेलात. मग इरा एकटीच धावत परत आली, माझ्या ओढणीला नाक पुसलं आणि पुन्हा आत पळाली. मला तेवढं पुरलं. त्या पुसलेल्या नाकावर मी पुढची दोन वर्षं काढली, मग सहा महिने तुमच्याकडे अमेरिकेत राहायला आले.

गेल्या आठवड्यात व्हिडिओ कॉलवर, बाबा खोलीतून बाहेर गेल्यावर, इराने हळूच विचारलं, "आजी, तू माझ्यामुळे दुबईला परत गेलीस का?" मराठीत विचारलं, म्हणून मी दचकले. तेवढ्यात बाबा आला आणि मी हवापाण्याचं काहीतरी बोलले. या पत्रात मी त्या प्रश्नाचं उत्तर देणार आहे. मी आयुष्यभर इथल्या शाळेत इंग्रजी शिकवलं, तरी हे मराठीतच लिहिते आहे. इंग्रजीत मी फार नीट लिहीन, आणि या उत्तरात नीटपणा मला नको आहे. सावकाश वाचा. अडलं तर मला विचारा, बाबाला नको.

आधी तुमच्या गावाबद्दल. त्याला शहर म्हणतात, त्याचा स्वतःचा महापौर आहे, स्वतःचे पोलीस आहेत, पण दुबईतल्या आपल्या अल कुसैसच्या चार गल्ल्यांत ते मावेल. फार सुंदर आहे, हे आधी मान्य करते. टेकडीवरची दगडी लायब्ररी मी कधी विसरणार नाही. मुख्य रस्त्यावर फुलांचं दुकान, आइसक्रीमचं दुकान, दोन बँका, आणि फक्त कुत्र्यांसाठी केक करणारं एक दुकान. तो केक किती डॉलरचा हे मी तुमच्या आईला, ऋजुताला, विचारलं, त्याचे आधी दिरहम केले, मग रुपये केले आणि दुकानाकडे पाठ करून चालू लागले. बागांमधल्या बाकांवर गेलेल्या माणसांची नावं कोरलेली असतात. बाकांवर बसलेलं मात्र कोणी दिसत नाही.

तुमच्याकडे जो भेटेल तो शाळेबद्दल बोलतो. शाळा चांगली म्हणून घरं महाग, आणि घरं महाग म्हणून शाळा चांगली. सकाळी पिकअप गाड्यांतून माणसं येतात, पानं गोळा करतात, हिरवळ कापतात आणि दुपार कलायच्या आत निघून जातात, कारण त्यांना त्या गावात राहणं परवडत नाही. ते पाहून मला इथल्या कामगारांच्या बसेस आठवल्या. तेवढीच एक गोष्ट मला त्या गावात ओळखीची वाटली.

आणि फूटपाथ नाहीत. इथे मी लिफ्टने खाली उतरले की कोथिंबीर मिळते, ग्रोसरीवाल्या इब्राहिमकडून "माताजी, घुटना कैसा है?" ही चौकशी मिळते, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या शीलाचं सासूपुराण ऐकायला मिळतं. तिकडे तुम्ही सगळे सकाळी गेलात की तेवढी घरघर ऐकू यायची, फ्रिजची आणि हीटरची. रस्त्याने जाणारे गाडीतून हात हलवायचे. मीही हलवायची. थांबणारी एकच होती, समोरच्या पांढऱ्या घरातली मार्गारेट. माझ्याहून थोडी मोठी. तिने मला स्वतःच्या कुंडीतले टोमॅटो दिले होते आणि मी तिला शेंगदाण्याची चटणी. ती खाऊन तिच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी "मार्व्हलस" म्हणाली बिचारी.

मग एके दिवशी तिच्या दारात अ‍ॅम्ब्युलन्स आली, आणि त्यानंतर ती दिसेनाशी झाली. पुढच्या एका शनिवारी मी खिडकीतून पाहिलं, तर तिच्या घरासमोर गाड्यांची रांग. माणसं हळू बोलत आत जात होती. दारात गडद सूट घातलेला एक माणूस उभा होता आणि थोड्याथोड्यांना आत सोडत होता. मी तशीच स्वयंपाकघरात गेले.

ज्या घरात कोणी गेलं तिथे चूल पेटत नाही. शेजाऱ्यांनी पिठलं-भात करून न्यायचा. तुमचे आजोबा गेले तेव्हा शीलाने कांजी आणली होती, आणि खालच्या मजल्यावरच्या पाकिस्तानी बाईंनी नवं कोरं पातेलं आणून त्यात वरण शिजवलं होतं, त्यांच्या भांड्यातलं आम्हाला चालणार नाही म्हणून. तेव्हा मार्गारेटसाठी मी दुसरं काय करणार होते? पिठलं केलं, त्यात मिरची घातली नाही, भात लावला, स्टीलचा डबा भरला आणि रस्ता ओलांडला. इरा मागून चप्पल न घालता धावत आली, "आजी, वेट! कुठे चाललीस?"

दारातल्या माणसाने डब्याकडे बघून विचारलं, "मॅडम, तुम्हाला हे विकायचं आहे का? आज आम्ही काही घेत नाही, फक्त विकतो आहोत." मला वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली. मी आत गेले. मार्गारेटच्या कपबश्यांवर चिकटवलेल्या चिठ्ठ्या होत्या. खुर्चीवर, उशीवर, शिवणाच्या डब्यावर, सगळ्यावर किमती. माणसं कप उलटे करून बुडाचा शिक्का बघत होती. मी वर्गात बोलायचे तशा खणखणीत आवाजात म्हणाले की मी सांत्वनाला आले आहे, आमच्यात अशा वेळी अन्न न्यायची पद्धत आहे, घरचं कोण आहे? हातात टेबल-लॅम्प घेतलेली एक बाई वळली. ती इराच्या मैत्रिणीची आई होती. "ओह इरा, इज धिस युवर ग्रँडमा? हाउ स्वीट!"

इराचा चेहरा लाल झाला. "आजी, स्टॉप! नोबडी डाइड! तिला तिच्या मुलीने ओल्ड एज होममध्ये नेलंय, आणि हे लोक तिचं सामान विकतायत, बस्. यू आर सो एम्बॅरसिंग!" माझा दंड धरून तिने मला बाहेर काढलं. डबा दोघींच्या मध्ये आपटत होता, भात सांडत होता.

संध्याकाळी माझ्या खोलीच्या दारावर टकटक झाली. "मे आय कम इन, आजी?" इराच्या हातात स्वतः रंगवलेलं कार्ड होतं. त्यात तिने लिहिलं होतं की ती चुकली, माझ्या भावनांचा तिने आदर करायला हवा होता, आणि मी तिला क्षमा करावी. एकही स्पेलिंग चुकलं नव्हतं. मी म्हणाले, "इट्स ऑल राइट, बाळा." निखिल मागून आला. "आई, तिने सॉरी म्हटलंय ना, आता खलास. मनात ठेवू नकोस." त्या दिवसापासून प्रत्येक पोळीला मला थँक यू मिळू लागलं. कबीरसुद्धा माझ्या खोलीत दार वाजवून येऊ लागला. भाजी आवडली नाही तर तुम्ही दोघं "आय अ‍ॅम फुल, थँक यू" म्हणायचात. इथे असताना कबीर दुधी भोपळा पाहून टेबलाखाली जाऊन बसायचा.

निखिलने मला तिकडेच ठेवून घ्यायची तयारी केली होती. खालची खोली, बाथरूममध्ये पकडायला दांडी, सगळं. "आई, आता दुबईत आपलं काय राहिलंय?" तो म्हणाला. बरोबरच आहे. ज्या घरात तुम्ही मोठे झालात त्याच्या बाल्कनीत आता दुसऱ्यांचे कपडे वाळतात. तिथून जाताना मी वर बघायचं नाही असं ठरवते आणि बघते. मी इथे आहे ती तुमच्या वैशालीआत्याच्या व्हिसावर. तिच्या नवऱ्याची नोकरी आहे तोवर. पुढचं इन्शाल्ला.

तरी मी परत आले. वैशाली माझ्यावर दिवसातून दहादा ओरडते. "आई, गॅस चालू ठेवलास! आई, चष्मा कपाळावर आहे तुझ्या!" मग दोघी चहा पितो. कोणी कोणाची माफी मागत नाही. माझ्यासाठी घर आता एवढंच उरलं आहे, जिथे माणसं माझ्याशी जपून वागत नाहीत. तुम्ही जपून वागता ते चांगलं शिकला आहात म्हणून, यात तुमचा काही दोष नाही. पण पाहुणी म्हणून मला तुमच्याकडे म्हातारं व्हायचं नव्हतं.

तर इरा, हे उत्तर. तू ओरडलीस म्हणून मी गेले नाही. त्या सहा महिन्यांत तू एकदाच माझ्यावर ओरडलीस, माझा दंड दुखेल इतका घट्ट धरलास आणि मला ओढत रस्ता ओलांडलास. तेवढा वेळ मी तुमच्या गावात माझ्या घरी होते. रस्ता अरुंद होता, लगेच संपला.

आजी